दीडशे लिटर आणि एक दार

पर्वरीच्या दुकानात पोलिकार्प
तीन खोकी काउंटरवर मांडतो,
लग्नाची तीन स्थळं दाखवावीत तशी.

हे कडेला अडकवायचं. स्वस्त.
वीज गेली की यातलं पाणी उतरतं,
वीज आली की मोटर कोरडीच खाकरत बसते.
हा कॅनिस्टर. आवाज नाही, कपाटात मावतो.
दर पंधरवड्याला उघडून धुवायचा मात्र.
आळस केलात तर ज्यानं घाण अडवायची
तोच घाणीचं घर होतो.
(मी वजन-मापे खात्यात आहे.
हे वाक्य मला ओळखीचं वाटलं.)
आणि हा संप. टाकीच्या खाली दुसरी टाकी.
उत्तम. पण नळीचं गणित एका बोटानं जरी चुकलं
तर मध्यरात्री खालचे कुंकळ्येकर
पायजमा दुमडून दारात.

मी काही न घेता परत आलो.
नुसतं मीठ घेतलं, साडेपाच किलो,
घरी स्वतःच्या काट्यावर तोलून पाहिलं.
चाळीस ग्रॅम कमी.

आठवडाभर उर्वी वहीत चित्रं काढत होती:
टाकी, नळी, बाण, पुन्हा टाकी.
प्रत्येक चित्रात एक केशरी मासा,
जो अजून कुणी आणलेला नव्हता.
रश्मी म्हणाली, जो आवाज करणार नाही तो घे,
आणि झोपली.

रविवारी बाबा आले, मेरशीहून, दोन बस बदलून.
तीस वर्षं खाजनाच्या मानशीवर होते ते.
भरतीला दार आपसूक मिटायचं,
ओहोटीला आपसूक उघडायचं,
लाकूड, बिजागरी आणि चंद्र,
तिथं विजेचं बिल कधी आलं नाही.
मिठाची पिशवी पाहून ते हसले नाहीत.
पिशवीवरचं वजन वाचलं, किंमत वाचली,
आणि पिशवी उलटी ठेवली, 
जशी एखाद्याची चूक झाकून ठेवावी.

मग उर्वीची वही त्यांच्या मांडीवर.
बाणांवरून बोट फिरवत गेले, एकदा, दोनदा.
"उदक भितर येता तें दिसलें.
भायर वचपाची वाट खंय?"

मी अमोनिया सांगितला, नायट्राइट सांगितलं,
न दिसणारे जीव स्पंजात कसे घर करतात ते सांगितलं.
त्यांनी ऐकून घेतलं.
मग पोलिकार्पनं दिलेल्या कागदावर
एका कोपऱ्यातल्या उभ्या नळकांड्यापाशी थांबले,
वर पेला, पेल्यात तपकिरी काहीतरी.
हे काय?

स्किमर, मी म्हणालो. बुडबुडे सोडतो.
घाण बुडबुड्यांना चिकटून वर येते, फेस होतो,
तो आपण रोज ओतून टाकायचा.
पण तो महाग, आणि थोडा घुरघुरतो...

"फेस," ते म्हणाले.
पिवळट. ओहोटीला मानशीच्या तोंडाशी जमायचा तोच.
त्याला कुजक्या पानांचा वास.
ते पहाटे काठीनं तो बाजूला करायचे,
शेवटे जाळ्यात येण्याआधी.
मी तेव्हा बांधावर बसून शाळेचे बूट
चिखलापासून वाचवत होतो,
आणि मला वाटायचं, समुद्र आजारी आहे.

सोमवारी पोलिकार्पला फोन केला.
कडेला अडकवायचा, मोठ्या स्पंजाचा, आणि स्किमर.
संप पुढच्या वर्षी, कदाचित.
त्यानं विचारलं, घरी आवाज चालेल?
मी रश्मीला विचारलं नव्हतं.

आता पाचवा आठवडा. टाकीत पाणी फिरतंय,
वाळू आहे, कोरडे दगड आहेत, मासा नाही.
शेजारी डोकावतात: बिघडली का हो?
उर्वी रोज शाळेआधी पेला ओतते, नाक दाबून,
आणि परीक्षेच्या पट्टीचा रंग
माझ्यापेक्षा बरा ओळखते.

काल रात्री वीज गेली.
घुरघुर थांबली तेव्हा रश्मी जागी झाली.
काय झालं, म्हणाली.
काही नाही, ओहोटी.